सांध्याखालचा फुटवा

१

सकाळी कामाला बसण्याआधी मी मागच्या अंगणात जातो. अंगण आपलं म्हणायला. तीन बाजूंना शेजारच्या इमारतींच्या भिंती, चौथ्या बाजूला आमच्या स्वयंपाकघराचं दार, आणि मधे एवढीशी जागा, की दोन खुर्च्या टाकल्या तर तिसऱ्या माणसाने उभंच राहावं. तिथे विटांनी आखलेल्या वाफ्यात पिवळ्या गुलाबाचं एक झुडूप आहे. त्याला पाणी घालायचं, सुकलेली फुलं खुडायची, काळे डाग पडलेली पानं काढून टाकायची, आणि मग हात धुऊन दात करायला बसायचं.

मी कवळ्या बनवतो. दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात. माझं आयुष्यभर दात कोरूनच भरलं आहे. पुढच्या खोलीत माझं टेबल, मेणाची भांडी, साचे, आणि कपाटात ओळीने मांडलेले जबडे. दिवसभर अशा संगतीत बसणाऱ्या माणसाला भुताखेतांचं काय वाटणार? माझा विश्वास मापावर. अर्ध्या केसाचा फरक पडला तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून दारात उभं राहतं, त्यामुळे बोटांना जे कळतं ते मी सहसा खोटं मानत नाही. माझी अडचण झाली ती त्यामुळेच.

२

माझी बायको रेडिओ दुरुस्त करायची. मधल्या खोलीत तिचं काम चालायचं. टेबलावर उघडे रेडिओ, तारांची भेंडोळी, आणि त्या सगळ्यात मान तिरकी करून बसलेली ही. रेडिओ नुसता लावला की झाकण न उघडता सांगायची, कुठला भाग गेलाय. खरखरीच्या तळाशी कुठेतरी एक बारीकसा आवाज असतो, तो हिला सापडायचा. मला कधी सापडला नाही.

गेल्या वर्षी तिला ताप आला. ताप उतरला आणि दोन्ही कान घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, यंत्र लावूनही उपयोग नाही. ही मला म्हणाली, "खरखर तरी राहायला हवी होती हो. काहीच नाहीये."

माझे ओठ वाचायला ती लवकर शिकली. म्हणायची, "दुसऱ्यांचे दात बसवता बसवता तुमचं तोंड तरी नीट उघडायला लागलं." पण हा विनोद तिने एकदाच केला. मग मधल्या खोलीला कुलूप लागलं आणि तिने अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडायची. मी समजावायचो, पण माझं बोलणं ऐकायला आधी माझ्याकडे बघावं लागायचं, आणि ती बघतच नव्हती. घरात दोन माणसं असून मी एकटा जेवत होतो. मला फार भीती वाटायची तेव्हा.

३

झाड आणलं तिच्या थोरल्या बहिणीने. ताईंच्या गच्चीत गुलाबच गुलाब आहेत आणि तोंडात हुकूमच हुकूम. एका दुपारी कुंडी घेऊन आल्या आणि दारातूनच सुरू झाल्या.

"बुटकी जात आहे. गुडघ्याच्या वर जाणार नाही, पण फुलायला लागलं की थांबणार नाही. तिला उठवायचं असेल तर तिच्यावर काम टाका. कीव करून माणूस उठत नाही."

मी झाड लावायला घेतलं. गुलाबाच्या कलमाला बुंध्याशी एक गाठ असते. गाठीच्या वर आपल्याला हवा तो गुलाब, खाली रानटी गुलाबाचा खुंट. तो सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, असं ताईंनी बजावलं होतं. मी तेवढं पाळलं, पण बाकी माझा हात साच्यांचा. मागून आवाज आला, "अहो, वाकडं लावताय."

ही दारात उभी होती. खिडकीतून बघत होती म्हणे, आणि शेवटी राहवलं नाही. तिने मला बाजूला केलं आणि झाड सरळ केलं. त्या दिवशी आम्ही दोघं एकत्र जेवलो.

पुढे झाड तिचंच झालं. पहिली फुलं आली ती अंड्याच्या बलकासारखी पिवळी, कडेला जरा फिकी. दाटीवाटीने यायची, एक सुकलं की शेजारी दुसरं. तीन भिंतींच्या त्या खोबणीत ऊन जेमतेम डोकावून जायचं, तरी स्वयंपाकघराच्या छतावर पिवळसर उजेड पडायचा. भिंतीवरून येत असेल, असं मी म्हणायचो. भिंती राखाडी होत्या.

४

एका सकाळी मी मेण वितळवत होतो तेव्हा तिने हाक मारली. ताप गेल्यापासून तिला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता, त्यामुळे हाक सगळ्या इमारतीने ऐकली असेल.

"अहो! मला ऐकू येतंय!"

मी तसाच धावलो. ती वाफ्यापाशी गुडघे टेकून बसली होती, उजवा तळवा मातीवर सपाट. मी तिच्या पाठीमागे उभा राहून टाळ्या वाजवल्या, नावाने हाक मारली. तिला काही पत्ता नाही. मातीवरून हात उचलला की सगळं बंद. हात टेकवला की चालू.

"काय ऐकू येतंय?" मी समोर येऊन विचारलं.

"खरवडल्यासारखं. थोडं खरवडतात, थांबतात, परत खरवडतात. खोल आहे, लांब आहे. पण आहे हो. खरखरीच्या खाली असतो ना, तसा."

मी पण हात टेकवला, कान टेकवला. ओली माती, दुसरं काही नाही. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते समजूतदारपणे म्हणाले, असं होतं. मेंदूला शांतता सोसत नाही, मग तो आपलाच आवाज तयार करतो. मला पटलं. मान डोलावत मी घरी निघालो, तर वाटेत ही म्हणाली, "भास असता तर मी एखादं गाणं नसतं का ऐकलं? खरवडणं कशाला ऐकत बसेन?"

खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता. ती सकाळी माझ्या आधी उठत होती. जेवत होती. मधल्या खोलीचं कुलूप काढून तिने तिथली धूळ झटकली. भास तर भास. त्या वाफ्यावर माझं घर उभं होतं. झाडाला काही झालं तर ही पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

५

मग सांधा दिसेनासा झाला.

मी पाणी घालत होतो आणि नजर बुंध्याकडे गेली. गाठ मातीच्या वर बोटभर होती, आता मातीला टेकली होती. पाण्याने माती बसते, तिच्याबरोबर झाडही बसतं, असं म्हणून मी थोडी माती बाजूला केली. पुढच्या आठवड्यात गाठ पुन्हा मातीत. पुन्हा बाजूला केली. आता बुंध्याभोवती वाटीसारखा खळगा झाला होता आणि त्याच्या तळाशी गाठ नव्हती.

मी झाडाला गुडघा लावून बघितला. शेंडा गुडघ्याशी असायचा, आता पोटरीशी होता. कुणी छाटलं म्हणावं तर फांदी एकही कमी नव्हती. कळ्या भरपूर, पानं टवटवीत. झाडं वाढतात, वाळतात, मोडतात. खाली जाणारं झाड मी ऐकलेलं नाही.

तिला मी काही बोललो नाही. संध्याकाळी चहा पिताना तीच म्हणाली, खुशीत येऊन, "आता किती स्पष्ट येतं माहितीये? जवळ आलेत."



६

ताईंना फोन केला. झाड खाली जातंय असं सांगितलं असतं तर त्यांनी माझंही डोकं तपासायला नेलं असतं. म्हणून एवढंच म्हणालो, की सांधा मातीखाली गेलाय.

"गेला ना? सांगितलं होतं मी. पालथ्या घड्यावर पाणी! आता बघा, खालून रानफुटवा येईल. तो सगळा रस ओढून घेतो आणि चांगलं झाड मारतो. दिसला की काढायचा."

"कात्रीने?"

"कात्री लावलीत तर बघा! कापला की एकाचे चार होतात. माती हळूहळू खरवडत जायचं, फुटवा निघालाय कुठून ते शोधायचं, आणि तिथून ओढून उपटायचा. मुळासकट आला पाहिजे. मग परत तोंड दाखवत नाही."

फुटवा होताच. वाफ्याच्या कडेला, विटेला टेकलेला, लालसर, कोवळा. मी हिला ताईंचा हुकूम सांगितला. ती म्हणाली, "काढा मग. झाड मरायला नको." आणि समोर बसून नेहमीसारखा तळवा टेकवला.

मी दोन बोटांनी माती खरवडायला लागलो. खरवडायचं, थांबायचं, काही दुखावलं नाही ना ते चाचपायचं, परत खरवडायचं. फुटवा तिरका जाऊन झाडाच्याच बुंध्याला मिळाला होता. उपटायचा तो तिथूनच, पण माझी बोटं तिथे थांबेनात, कारण बुंधा मला भलताच लागत होता. गुलाबाची मुळं तपकिरी असतात, चहूकडे पसरलेली. इथे मूळ नावालाही नव्हतं. अंगठ्याएवढा एकच दांडा सरळ खाली गेला होता, आणि तो हिरवा होता. कोपरभर खाली, अंधारात, त्याच्यावर एक पान होतं. ताजं, चकचकीत, कधीच मातीत नसल्यासारखं.

माती कोमट लागायला लागली. मग माझ्या लक्षात आलं, की मी सुटी केलेली माती खड्ड्यात साचत नाहीये. ती खाली पडतेय.

"अहो," ही म्हणाली. तिचा चेहरा असा मी वर्षभरात पाहिला नव्हता. "तुम्ही खरवडता ते मला ऐकू येतंय. अगदी तसंच आहे. तुमचा आवाज कुठला आणि त्यांचा कुठला, कळेना मला."

मी हात थांबवला.

"आता तुम्ही थांबलात," ती म्हणाली. "ते चालूच आहेत."

७

मी गाल मातीला लावला आणि मलाही ऐकू आलं.

खरवडणं. मग थांबणं. ते थांबणं मी ओळखलं. त्यात घाई नव्हती. बोट चाचपत होतं, सालीला धक्का लागू नये म्हणून. मग पुन्हा खरवडणं. कामात मुरलेला हात होता तो. कुणीतरी तिकडून एका दांड्याच्या मागे मागे, तो निघालाय कुठून आणि गेलाय कुठे हे बघत, माती सोडवत येत होतं. कशासाठी, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी सकाळपासून तेच करत होतो.

झाडाची जात बुटकी नव्हती. इकडे निघालेलं तेवढंच होतं.

कुंडीतून कसं आलं ते कळेना, पण आमचं लाडकं झाड म्हणजे खालच्यांच्या कुठल्याशा झाडाला सांध्याखालून आलेला फुटवा, आणि तिकडचा माळी नियमाने वागणारा होता. मी स्वतःला म्हणालो, नळ असेल, गटाराचं काम चाललं असेल, उंदीर असतील. एकेक कारण मी मनात कवळीसारखं तोंडाला लावून बघितलं, आणि एकही बसेना.

तेवढ्यात झाडाला झटका बसला. वारा नव्हता, पण सगळी फुलं एकदम थरथरली आणि झाड आणखी बोटभर खाली गेलं. वाफ्याच्या विटा आत कलल्या. स्वयंपाकघरात फळीवरची भांडी किणकिणली, आणि भिंतीतून एक हलका कंप गेला, पार पुढच्या खोलीपर्यंत. कपाटातले जबडे वाजलेले मी ऐकले. त्या दांड्याला आणखी काय काय बांधलेलं होतं?

मी बुंधा दोन्ही हातांनी धरला. काटे तळव्यात शिरले तरी धरला. मग एक हात सोडवून खिशातली कात्री काढली. सांध्यापाशी तोडलं तर त्यांच्या हाती नुसता दांडा लागेल, घर वाचेल. झाड मात्र गेलं. मी हिच्याकडे बघितलं आणि माझा हात चालेना.

"कापू नका," ती म्हणाली. "कापला की एकाचे चार होतात, तुम्हीच सांगितलंत ना मघाशी? मग ते चारांच्या मागे येतील."

"मग काय करू?" मी ओरडलो. ओरडून काय उपयोग होता, तिला ओठच दिसणार.

"त्यांना वाटतंय रानटी आहे," ती अगदी शांतपणे म्हणाली. "फूल कुठे दिसलंय त्यांना अजून?"

८

ती बघता बघता पालथी झाली. भरगच्च उमललेलं फूल असलेली फांदी तिने वाकवली, न मोडता, आणि हळूहळू खड्ड्यात घातली. फांदीबरोबर हात घातला. कोपर गेलं, मग खांदा गेला. गाल मातीला टेकला, डोळे मिटलेले. मी तिची कंबर घट्ट धरली. झाड गेलं तर जाऊ दे, घर गेलं तरी जाऊ दे, पण हिला ओढलं तर मीही जाणार, एवढं एकच माझ्या मनात होतं.

खरवडणं थांबलं.

खड्ड्यातून उजेड आला. तिच्या हनुवटीवर, कानाच्या पाळीवर पिवळा उजेड चढत गेला. तिचा खांदा आणि माती यांच्यात एक फट होती, आणि मी तिच्यातून बघितलं.

खाली काही नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. खाली खूप होतं. उंच गच्चीवरून पहाट बघावी तसं, पण पिवळं, आणि पायाखाली. मला आधी एक भिंत दिसली, आमच्या दारापेक्षा मोठी, फिकट होत गेलेल्या कडेची. ती वाऱ्याने हलली तेव्हा कळलं, की ती पाकळी आहे. तिच्या मागे आणखी होत्या. त्यांच्याही मागे. आणि त्या सगळ्यांच्या अलीकडे, हिच्या बोटांतल्या एवढ्याशा फुलासमोर, कुणीतरी अगदी स्थिर झालेलं होतं. मला ते दिसलं नाही. मोठं काहीतरी श्वास रोखून बघत असताना खोली जशी होते, तसं ते सगळं झालं होतं. माझी भीती कुठे गेली कोण जाणे. मला टोपी काढावीशी वाटली, आणि मी टोपी घालत नाही.

"हात गरम आहे," ही पुटपुटली. "माझा नाही."

मग तिने श्वास आत घेतला आणि हात बाहेर काढला. तिच्या बोटांना मातीशिवाय काही लागलेलं नव्हतं. फांदी सपकन वर आली. फूल नव्हतं. ओरबाडलेलं नव्हतं, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या, जरा वर, तिरका, स्वच्छ काप होता, नवा फुटवा नीट बाहेरच्या अंगाला यावा म्हणून चांगला माळी घेतो तसा. काप अजून ओला होता.

उजेड गेला. खड्डा खालून भरायला लागला. माती वर येत होती, थांबत होती, दाबली जात होती, पुन्हा येत होती. कुणीतरी मनापासून, जीव लावून दाबत होतं. तिच्याबरोबर झाडही वर आलं, पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि शेवटी गाठ मातीच्या वर निघाली. मी लावली होती त्यापेक्षा नीट.

९

शेजारच्या इमारतीत कुणीतरी खिडकी लावली, नळ सोडला. मी काटे लागलेले हात मांडीवर धरून ठेवले होते.

मग तिने तळवा मातीवर टेकवला. जागा बदलून टेकवला. दोन्ही टेकवले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि मला आधीच कळलं.

"येतंय का?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

झाड वाचलं होतं, घर जागच्या जागी होतं, आणि तिच्या कानात पुन्हा काहीच नव्हतं. आता ही उठेल, आत जाईल, भिंतीकडे तोंड करून पडेल, म्हणून मी आधीच उठून दाराकडे सरकलो. तिला अडवायला की तिच्यामागे जायला, ते माझं मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "येईल परत. काम संपलं नसेल त्यांचं."

ती माझे ओठ वाचत होती. मग ती हसली, रेडिओतला गेलेला भाग सापडल्यावर हसायची तशी.

"गप्प आहेत, कारण फूल बघत असतील हो," ती म्हणाली, आणि झारी मागायला हात पुढे केला.